गोगलगायींचा नकाशा आणि बीडचे शिवार

जुलै २०२२ मध्ये लातूर, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या तीन जिल्ह्यांतून एकच तक्रार येऊ लागली. पेरलेले सोयाबीन नीट उगवले, दोन पानांवर आले आणि एका रात्रीत तासेच्या तासे मोकळी झाली. कोंब खाणारी अळी नव्हती, टोळ नव्हते. सकाळी ढेकळांखाली, बांधाच्या गवतात आणि उसाच्या पाचटात बोटभर लांबीच्या शंखी गोगलगायी सापडत होत्या. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली आणि काहींचे दुसरे पेरही गेले. पुढे राज्य सरकारने या तिन्ही जिल्ह्यांतल्या गोगलगायग्रस्त शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. अतिवृष्टी, गारपीट, दुष्काळ या नेहमीच्या संकटांच्या पंगतीत एक मऊ अंगाचा प्राणी येऊन बसला.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी प्रश्न होता, "दुष्काळी मराठवाड्यात गोगलगाय आली कुठून?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर भारतात कोणती गोगलगाय कुठे राहते आणि तिथेच का राहते, हे आधी पाहावे लागते.

कुठे राहायचे, हे कशावर ठरते

गोगलगायीच्या अंगातून पाणी सतत उडत असते. तिची कातडी उघडी, ओलसर असते आणि चालताना ती चिकट स्राव सोडत जाते. त्यातही पाणीच खर्च होते. म्हणून हवेतला आणि जमिनीतला ओलावा ही तिची पहिली गरज.

दुसरी गरज चुन्याची. शंख बनतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि हा चुना तिला खाण्यातून व मातीतून मिळवावा लागतो. ज्या जमिनीत चुना कमी आणि आम्लता जास्त, तिथे शंख पातळ राहतात आणि पुष्कळ जातींना टिकाव धरता येत नाही. चुनखडीच्या डोंगरांवर गोगलगायींच्या जाती दाटीने सापडतात, याचा अनुभव जगभरच्या अभ्यासकांना आहे.

तिसरी गरज आडोशाची. पाला, दगडांच्या फटी, झाडाची साल, कुजके लाकूड यांपैकी काहीतरी लागते. दुपार आणि उन्हाळा त्या आडोशातच काढायचा असतो.

या तिन्ही गोष्टींपेक्षा मला अधिक मोलाची वाटते ती चौथी, म्हणजे तिची संथ चाल. पक्षी डोंगर ओलांडतो, फुलपाखरू दरी ओलांडते. गोगलगायीच्या लहान जातींना मात्र एक कोरडे पठारही पिढ्यान्‌पिढ्या ओलांडता येत नाही. एका डोंगरावरची जात तिथेच अडकते, तिथेच बदलत जाते आणि लाखो वर्षांनी वेगळी जात होऊन बसते. त्यामुळे गोगलगायींचा नकाशा हा हवामानाचा नकाशा असतो, तसाच तो भूतकाळाचाही असतो. कुठे जंगल सलग होते, कुठे तुटले, कुठे लाव्हा पसरला, याच्या खुणा त्यात उरतात.

देशाचा नकाशा: दोन गजबजलेले कोपरे

भारतातून जमिनीवरच्या मृदुकायांच्या अकराशेहून अधिक जातींची नोंद आहे. त्या देशभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. पश्चिम घाट आणि ईशान्य भारत या दोन ठिकाणी त्यांची गर्दी आहे. एकट्या पश्चिम घाटातून अडीचशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. इतके मोठे प्रमाण पक्ष्यांत किंवा सस्तन प्राण्यांत दिसत नाही.

इथे एक विसंगती वाटू शकते. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड आहे, मुसळधार पावसाने मातीतला चुना धुऊन गेलेला आहे, माती आम्ल आहे. मग तिथे इतक्या जाती कशा? उत्तर पावसात, सदाहरित जंगलात आणि काळात आहे. तिथला पाला वर्षभर ओला राहतो आणि हे जंगल फार जुने आहे. चुन्याची उणीव काही जातींनी शंखच लहान किंवा पातळ करून भागवली. आंबोलीसारख्या ठिकाणी अर्धशंखी गोगलगायी आढळतात. त्यांचे अंग मोठे असते आणि पाठीवरचा शंख इतका छोटा की त्यात संपूर्ण अंग आत घेता येत नाही. अशीच एक जात २०२१ मध्ये आंबोलीतून विज्ञानाला नव्याने कळली. तिचा वंशही नवा निघाला. सरीसृप-अभ्यासक वरद गिरी यांच्या सन्मानार्थ त्या वंशाला 'वरदिया' आणि जातीला आंबोलीवरून 'आंबोलिएन्सिस' हे नाव दिले गेले. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर एरियोफँटा लेविपेस नावाची गोगलगाय मिळते. तिच्या शंखाचा पीळ डावीकडे जातो. बहुतेक गोगलगायींचा पीळ उजवा असल्याने ही चटकन ओळखता येते.

या नकाशाची पहिली रेघ ब्रिटिश काळात ओढली गेली. विल्यम बेन्सन हा कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी, विल्यम ब्लॅनफर्ड हा भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला भूवैज्ञानिक, हेन्री गॉडविन-ऑस्टेन हा हिमालयाचा मोजणी अधिकारी. नोकरीच्या निमित्ताने फिरताना त्यांनी शंख जमवले, वर्णने लिहिली. ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेवरील ग्रंथमालेत मृदुकायांचे खंड १९०८ पासून निघू लागले आणि आजही अभ्यासकाला तिथूनच सुरुवात करावी लागते. आज हे काम १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

कोरड्या पट्ट्याची वेगळी चाल

सह्याद्री उतरून पूर्वेकडे निघाले की जातींची संख्या झपाट्याने घटते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तर बीडला सहा-साडेसहाशे मिलीमीटर, तोही बेभरवशाचा. इथे सदाहरित जंगल नाही आणि वर्षभर ओला राहणारा पालाही नाही.

कोरड्या पठारावरच्या जाती मोजक्या असल्या तरी त्यांचा पसारा अफाट असतो. झूटेकस इन्सुलॅरिस हे त्याचे उत्तम उदाहरण. सेंटिमीटरभर लांबीची, पांढुरकी, नळीसारखी ही गोगलगाय आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांपासून उत्तर आफ्रिका, अरबस्तान, कोरडा भारत असे करत म्यानमारपर्यंत पसरलेली आहे. रॅकिस पंक्टेटस ही झाडाच्या खोडाला चिकटून उन्हाळा काढणारी ठिपक्यांची जात. तीही भारताच्या कोरड्या भागात आणि पूर्व आफ्रिकेत अशी दोन्हीकडे नोंदलेली आहे. ओल्या जंगलातली जात एका डोंगरात कोंडलेली असते आणि कोरड्या माळावरची जात दोन खंडांत पसरलेली असते. ज्या जातीला आठ-नऊ महिने शंखाचे तोंड बंद करून पडून राहता येते, तिला कोरडा प्रदेश अडवत नाही. झोपलेल्या अवस्थेत वाऱ्या-पाण्याबरोबर, पाल्याबरोबर, जनावरांच्या आणि माणसांच्या सामानाबरोबर तिचा प्रवास होत राहतो.

दख्खनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. दोन थर पडण्याच्या मधल्या काळात तळी साचत, जीव येत, आणि पुढचा थर सगळे झाकून टाकी. नागपूर परिसरात या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. बीड जिल्ह्याचा पाया याच काळ्या पाषाणाचा आहे. म्हणजे आज इथे राहणाऱ्या प्रत्येक गोगलगायीचे पूर्वज लाव्हा थंड झाल्यानंतर कधीतरी बाहेरून आले आहेत.

बीड: घाटमाथा आणि गंगथडी

बीड जिल्हा एकसारखा कोरडा नाही. बालाघाटच्या रांगांनी त्याचे दोन भाग केले आहेत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, अंबाजोगाई हा डोंगराळ, पठारी भाग. गेवराई आणि माजलगाव हा गोदावरीकाठचा, काळ्या मातीचा गंगथडीचा भाग. पाटोदा तालुक्यात उगम पावलेली मांजरा दक्षिण सीमेने पूर्वेकडे जाते. सिंदफणा, बिंदुसरा, कुंडलिका, वाण या नद्या गोदावरीच्या बाजूला उतरतात.

देशी गोगलगायी पाहायच्या असतील तर या जिल्ह्यात ओलाव्याचे कोपरे धुंडाळावेत. पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा आणि खालची दरी, बीडजवळचे कपिलधार, घाटातले जुने दगडी बांध, अंबाजोगाईतल्या पुरातन मंदिरांच्या व बारवांच्या भिंती ही त्यांच्यासाठी योग्य ठिकाणे आहेत. पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर सकाळी लवकर गेले तर चपट्या-गोल, तपकिरी शंखाच्या, क्रिप्टोझोना वंशासारख्या गोगलगायी चालताना दिसतील. त्या कधीकधी कोवळी भाजी कुरतडतात, पण मुख्यतः कुजका पाला आणि शेवाळ खाऊन त्याची माती करतात. पक्ष्यांना अंड्याच्या कवचासाठी लागणारा चुना त्यांच्या शंखांतून मिळतो. नेदरलँड्समध्ये आम्ल झालेल्या जंगलांत गोगलगायी घटल्या, तेव्हा तिथल्या रामगंगा जातीच्या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची होऊ लागली, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आहे.

काळ्या मातीबद्दल एक शब्द. बीडच्या पुष्कळ जमिनी चुनखडीयुक्त आहेत. नांगरटीत पांढरे चुनखडे वर येतात, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. उन्हाळ्यात याच जमिनीला खोल भेगा पडतात. म्हणजे शंखासाठी चुना आणि लपायला भेगा या दोन गोष्टी निसर्गानेच ठेवल्या आहेत. कमी होता तो ओलावा.

कलकत्त्याच्या बागेतून सुटलेली

सोयाबीन खाणारी शंखी गोगलगाय इथली नाही. तिचे शास्त्रीय नाव लिसॅकॅटिना फ्युलिका. जुन्या पुस्तकांत अॅकॅटिना फ्युलिका असे मिळते. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत आहे. तिथून ती माणसांबरोबर हिंदी महासागरातल्या बेटांवर पोहोचली. १८४७ मध्ये बेन्सनने, म्हणजे ज्याने भारतातल्या कितीतरी देशी गोगलगायींना नावे दिली त्यानेच, मॉरिशसहून जिवंत नमुने कलकत्त्याला आणले. ते चौरंगीतल्या एका बागेत सोडले गेले आणि देशभरचा तिचा पसारा तिथून सुरू झाला, असे मानले जाते. शंखांच्या आवडीपोटी झालेल्या या एका कृतीची किंमत पावणेदोनशे वर्षांनंतर सोयाबीन उत्पादक मोजत आहेत.

तिचे बळ पुनरुत्पादनात आहे. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात. समागमानंतर ती मातीत एका वेळी शंभरापासून चारशेपर्यंत पिवळसर पांढरी अंडी घालते आणि वर्षातून हे अनेकदा घडते. साबुदाण्यासारखी दिसणारी ही अंडी उबदार, ओल्या मातीत दोनेक आठवड्यांत उबतात. साधारण सहा महिन्यांत पिल्लू वयात येते. आयुष्य सरासरी पाच-सहा वर्षांचे. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती ती खाऊ शकते. कोरडे पडले की जमिनीत वीतभर खाली जाऊन, शंखाच्या तोंडावर पांढरा पडदा ओढून कित्येक महिने झोपून राहते. म्हणून उन्हाळ्यात शेत साफ दिसते आणि पावसात अचानक हजारो गोगलगायी उगवल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या आदल्या वर्षापासून तिथेच असतात.

मराठवाड्यात ती रुजली कशी

माझे मत स्पष्ट आहे. ही गोगलगाय मराठवाड्याच्या कोरड्या निसर्गात आलेली नाही. आपण तयार केलेल्या ओलाव्यात आली आहे. पैठणचा उजवा कालवा गेवराईतून माजलगावच्या धरणापर्यंत पाणी आणतो. मांजरा धरणाखाली, माजलगावच्या लाभक्षेत्रात आणि विहिरी-बोअरच्या जोरावर ऊस उभा राहिला. उसाच्या फडात पाचटाखाली मे महिन्यातही सावली आणि गारवा असतो. ठिबकखालच्या फळबागा, रोपवाटिका, शेणखताचे उकिरडे, बांधावरचे वाढलेले गवत हे सारे तिचे उन्हाळी मुक्काम. रोपांच्या पिशव्या, शेणखत, माती, भाजीपाल्याचे क्रेट यांतून तिची अंडी आणि पिल्ले गावोगाव पोहोचतात. तिची स्वतःची चाल संथ आहे, पण वाहतुकीला वेग आहे.

मग आले सोयाबीन. मराठवाड्यातले खरिपाचे हे मुख्य पीक झाले आहे. पाऊस पडताच मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी कोवळे कोंब वर येतात, आणि त्याच पहिल्या पावसाने भुकेल्या गोगलगायी जमिनीबाहेर येतात. सोयाबीनची बीजदले आणि शेंडा खाल्ला गेला की त्या झाडाला पुन्हा फुटवा येत नाही. तूर, कापूस, भाजीपाला, पपई यांनाही त्रास होतो. पण सोयाबीनचे कोवळे आठ-पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे. जुलै २०२२ मध्ये पावसाची झड लांबली, दिवसेंदिवस ऊन पडले नाही. एरवी रात्रीच बाहेर पडणाऱ्या गोगलगायी ढगाळ दिवसाही खात राहिल्या. लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाई-केज पट्ट्यातून तक्रारी जास्त होत्या. देशी जातींच्या नकाशाशी तिच्या पसरण्याचा काही संबंध नाही. तो जुळतो पाटाच्या पाण्याशी, उसाशी आणि रस्त्यांशी.

आधी ओळख पटवा

आफ्रिकन शंखी गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार, शंकूसारखा असतो आणि त्यावर तपकिरी-पिवळसर उभे पट्टे असतात. पूर्ण वाढलेली सात-आठ सेंटिमीटर सहज भरते, पंधरापर्यंतही जाते. तिचे पिल्लूही टोकदार शंखाचेच असते. आपल्याकडच्या मैदानी देशी गोगलगायी बहुतांशी चपट्या-गोल किंवा अगदी लहान असतात. त्यांना मारण्याचे कारण नाही.

काय करायचे, आणि कधी

वेळ चुकली की उपाय फुकट जातात. कामाची खरी वेळ पेरणीच्या आधीची आणि पहिल्या पावसानंतरच्या आठवड्याची. उन्हाळी खोल नांगरट केली तर झोपलेल्या गोगलगायी आणि अंडी उन्हात उघडी पडतात. बांध स्वच्छ केले, पाचटाचे आणि काडीकचऱ्याचे ढीग हलवले की लपण्याच्या जागा कमी होतात.

पाऊस पडला की संध्याकाळी आणि पहाटे हाताने वेचणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी शेतात जागोजागी ठेवले तर सकाळी त्याखाली गोगलगायी जमलेल्या सापडतात. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याने भरलेल्या पिंपात टाकाव्यात आणि नंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुराव्यात. मीठ शेतात मात्र पसरू नये, जमीन खराब होते. वेचताना हातमोजे घालावेत किंवा पिशवी हाताला बांधावी. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताची अवस्था या गोगलगायीत वाढते आणि तो जंत माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मुलांना वेचायला लावत असाल तर ही काळजी दुप्पट घ्या. पावसाळ्यात भाजी नीट धुऊन, शिजवूनच खावी.

बांधालगत कोरड्या चुन्याचा पट्टा आखला तर गोगलगायी तो ओलांडायला कचरतात. पण पावसाने भिजला की त्याचा उपयोग संपतो, पुन्हा टाकावा लागतो. मेटाल्डिहाइडच्या अडीच टक्क्यांच्या गोळ्या एकरी दोन किलो या प्रमाणात बांधालगत आणि ओळींत टाकण्याची शिफारस आहे. हे विष कुत्र्यांना आणि जनावरांनाही मारते. गोळ्या टाकलेल्या शेतात जनावर सोडू नका, कोंबड्या फिरू देऊ नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आणि कृषी विभागाचे सल्ले दर हंगामात निघतात, ते पाहूनच औषध घ्यावे.

एकट्याने वेचून भागत नाही. शेजारच्या पडीक रानातून पुढच्या रात्री तितक्याच पुन्हा येतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून आणलेल्या तीन गोगलगायी बागेत सोडल्या गेल्या. सात वर्षांत त्यांच्या हजारो झाल्या आणि १९७५ पर्यंत मोहीम चालवून त्या संपवाव्या लागल्या. २०११ मध्ये त्या मायामीत पुन्हा सापडल्या. दहा वर्षांत १ लाख ६८ हजारांहून अधिक वेचल्यानंतर २०२१ मध्ये तो भाग मुक्त घोषित झाला. म्हणजे ही गोगलगाय संपवता येते, पण त्यासाठी संपूर्ण परिसराने वर्षानुवर्षे सातत्य ठेवावे लागते.

गोगलगाय खाणारी शिकारी गोगलगाय आणून सोडावी, असा सल्ला कोणी दिला तर तो ठामपणे नाकारावा. पॅसिफिक बेटांवर हा प्रयोग झाला. हवाईत १९५५ मध्ये आणि मूरिआ बेटावर १९७७ मध्ये फ्लोरिडाकडची गुलाबी शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने आफ्रिकन गोगलगायीला आवरले नाही, उलट झाडांवर राहणाऱ्या स्थानिक जाती खाऊन संपवल्या.

गावाने करण्यासारखे एक काम

बीडच्या प्रत्येक गावाला आपला गोगलगायींचा नकाशा करता येईल. कोणत्या गटात, कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या रोपवाटिकेजवळ टोकदार शंखाच्या गोगलगायी पहिल्यांदा दिसल्या, हे शाळेतली मुले आणि शेतकरी गट मिळून तालुका कृषी कार्यालयातल्या गावनकाशावर टिपू शकतात. चपट्या शंखाच्या देशी जातींचे फोटो वेगळे ठेवावेत. ते पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्राच्या अभ्यासकांच्या कामी येतील. येत्या मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याच संध्याकाळी बॅटरी, बादली आणि हातमोजे घेऊन बांधावर जा. शेजाऱ्यालाही सोबत न्या, आणि पेरणी त्यानंतरच करा.